मुरते ते मीठ

डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा घरच्या ओव्हनमध्ये भाजण्याची जी कृती सर्रास सांगितली जाते, तिचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. आले, लसूण, मिरी, लाल मिरची, हळद आणि सढळ हाताने घातलेला शिरका यांचे वाटण तुकड्याला चोळावे, तो रात्रभर, जमल्यास दोन रात्री, मुरू द्यावा, म्हणजे मसाला आतपर्यंत झिरपतो आणि मांस मऊ पडते. मग तो तुकडा कढत तव्यावर सर्व बाजूंनी परतून त्याचा रस आत कोंडावा. आणि मांस डुकराचे असल्यामुळे कसलीही जोखीम न घेता ते पार पांढरेफटक होईपर्यंत भाजावे. या कृतीने केलेल्या मांसाचा अनुभवही तितकाच ठरलेला आहे: वरचा थर आंबट-तिखट आणि काही ठिकाणी करपलेला, आतले मांस फिके, कोरडे आणि चोथ्यासारखे. दोष मग मांस विकणाऱ्याला दिला जातो, ओव्हनला दिला जातो किंवा पुढच्या वेळी तिसरी रात्र मुरवण्याचा निश्चय केला जातो. कृतीला मात्र कोणी हात लावत नाही. खरे तर दोष कृतीतच आहे आणि तो एखाद्या जिन्नसाच्या प्रमाणात नसून तिच्या मुळाशी असलेल्या समजुतींत आहे.

त्यांतली पहिली आणि सर्वांत घट्ट समजूत ‘मुरणे’ या शब्दानेच पोसली आहे. मराठीत लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, जमिनीत पाणी मुरते, आणि या सर्व प्रयोगांत बाहेरचे काहीतरी सावकाश आत जाऊन वस्तूचा कण न् कण पालटते, असा अर्थ गृहीत असतो. कैरीच्या लोणच्याच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे, कारण तेथे फोड लहान असते, मीठ भरपूर असते आणि मुरण्याचा अवधी आठवड्यांनी मोजला जातो. तोच शब्द दोन किलोंच्या मांसाच्या तुकड्याला आणि एका रात्रीच्या अवधीला लावला, की अपेक्षाही लोणच्याच्या निर्माण होतात. संशयाची जागा दाखवताना मराठी माणूस ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणतो. या कृतीच्या बाबतीत संशय घ्यावा तो याच शब्दाचा.

कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि ते मोकळे नसून स्नायूंच्या तंतूंमध्ये, प्रथिनांच्या जाळ्यात धरलेले असते. या पाणथळ, घट्ट विणीच्या पदार्थात शिरायचे तर येणारा घटक पाण्यात विरघळणारा आणि अत्यंत लहान असावा लागतो. मसाल्यांचा स्वाद ज्या द्रव्यांत असतो त्यांपैकी बहुतेकांना या दोनपैकी पहिलीच अट पुरी करता येत नाही: मिरीचा झणका देणारे पायपरिन, मिरचीची आग असलेले कॅप्सेसिन, हळदीचा रंग असलेले कर्क्युमिन, लवंग आणि दालचिनी यांची सुगंधी तेले ही सारी तेलात सहज विरघळणारी आणि पाण्याशी फटकून राहणारी द्रव्ये आहेत, आणि म्हणूनच स्वयंपाकघरात त्यांची फोडणी तेलात केली जाते, पाण्यात नव्हे. ती तुकड्याच्या पृष्ठभागावर आणि फार तर त्याखालच्या काही मिलिमीटरांत राहतात. याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधण्याची गरज नाही. दोन रात्री हळद लावून ठेवलेला जाड तुकडा भाजून मधोमध कापला, तर कडेला पिवळी रेघ दिसते आणि तिच्या आत मांसाचा स्वतःचा रंग असतो. केवळ रंगावरून सर्व स्वादांचा निर्णय करता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याच तुकड्याच्या गाभ्यातला चतकोर घास वेगळा काढून चाखला, तर जीभही डोळ्यांचीच साक्ष देते.

मीठ मात्र आत जाते. पाण्यात विरघळताच त्याचे सोडियम आणि क्लोराइड हे विद्युतभारित कण सुटे होतात आणि मांसातल्या पाण्यातूनच वाट काढत, सावकाश पण निश्चितपणे, गाभ्याकडे सरकत राहतात. शिवाय मीठ केवळ चव देऊन थांबत नाही. मायोसिन या स्नायूंतील मुख्य प्रथिनाची घट्ट बांधणी ते सैल करते, त्यामुळे तंतू किंचित फुगतात, पाणी धरून ठेवण्याची त्यांची ताकद वाढते आणि पुढे उष्णतेने ते आवळले जात असताना कमी पाणी बाहेर पडते. मांस रसदार राहावे म्हणून मुरवणाचे जे श्रेय लसणाला, शिरक्याला आणि आजीच्या वाटणाला दिले जाते, त्यातला बहुतांश वाटा अशा रीतीने वाटणातल्या मिठाचा असतो. विपरीत असे, की त्याच मिठाचे प्रमाण या कृतींत ‘चवीप्रमाणे’ एवढ्या एका शब्दात उरकलेले असते आणि शिरका मात्र वाटीने मोजलेला असतो.

या प्रतिपादनावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप गोव्याच्या आणि वसईच्या स्वयंपाकघरांतून येतो, आणि तो थोडक्यात झटकून टाकण्याजोगा नाही. विंदालू मुरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेले सत्य आहे. केल्या दिवशीचा विंदालू आणि तिसऱ्या दिवशीचा विंदालू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि सोरपोतेल ताजे वाढणे हे तर कित्येक घरांत गृहिणीच्या घाईचे लक्षण मानले जाते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर त्यांच्याबरोबर मद्य आणि लसूण यांत मांस ठेवण्याची रीत येथे आली. तिचे पोर्तुगीज नाव ‘व्हिन्या द आल्योश’ असे असून मदैरा बेटावर नाताळला हा पदार्थ आजही होतो. गोव्यात द्राक्षांच्या मद्याची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली, अमेरिका खंडातून आलेली लाल मिरची त्यात मिसळली आणि विंदालू तयार झाला. नावातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काहीएक संबंध नसून तो पोर्तुगीज लसणाचा अपभ्रंश आहे, हे सांगूनही उपाहारगृहांतल्या विंदालूमधले बटाटे कमी होत नाहीत, ही गोष्ट वेगळी. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसईच्या परिसरात आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन समाजाने हाच वारसा ‘इंद्याल’ या नावाने जपला आहे.

पण या परंपरेचा दाखला देणारे तिच्या एका साध्या तपशिलाकडे पाहत नाहीत. विंदालूचे आणि इंद्यालचे मांस लहान तुकड्यांत कापलेले असते. दोन किलोंचा एकसंध तुकडा घनाकृती मानला, तर त्याची बाजू सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते आणि त्याचा गाभा पृष्ठभागापासून सहा सेंटिमीटरांहून आत राहतो. तेवढ्याच मांसाचे अडीच सेंटिमीटरांचे चौकोनी तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा गाभा सव्वा सेंटिमीटरावर येतो आणि मसाल्याला भिडणारा एकूण पृष्ठभाग जवळजवळ पाचपट होतो. त्या पदार्थात वरचा थर आणि आतले मांस असा भेद जवळपास उरतच नाही. दुसरे असे, की विंदालू मसाल्यातच शिजतो. शिजताना वितळलेली चरबी तेलात विरघळणारे सारे स्वाद स्वतःत ओढून घेते आणि निवल्यावर त्यांच्यासह प्रत्येक तुकड्याभोवती बसते, शिजून सैल झालेल्या तंतूंमध्ये रस्सा शिरतो, शिरक्याचा कडक आंबटपणा उतरतो. म्हणजे येथे जे खरोखर मुरते ते बहुतांशी शिजल्यानंतर मुरते. आणि तिसरी गोष्ट, ज्या काळात ही रीत घडली त्या काळात शीतकपाटे नव्हती आणि कोकणच्या दमट हवेत मांस टिकवणे हेच शिरक्याचे पहिले काम होते. चव हा त्या कामाचा फार सुंदर असा लाभ होता. लहान तुकड्यांच्या, रश्श्याच्या आणि टिकाऊपणाच्या या शास्त्रातून एकच ओळ उचलून ती अखंड भाजायच्या तुकड्यावर लादणे म्हणजे परंपरा पाळणे नव्हे, तिचा अर्थ न वाचणे आहे.

परंपरेचाच कौल हवा असेल, तर तो उलट बाजूने पडतो. मध्य इटलीत पोर्केता नावाचा जो भाजलेला प्रकार प्रसिद्ध आहे, त्यात डुकराचे हाडे काढलेले मांस उघडून पसरतात, मीठ, मिरी, लसूण, रानटी बडीशेप यांचा थर आतल्या बाजूला देतात आणि मग गुंडाळी करून दोऱ्याने आवळून भाजतात. बाहेरून चोळलेला मसाला आत पोहोचणार असता, तर हा खटाटोप करण्याचे कारणच नव्हते. कोडगूची पंदी करी हे घरच्या जवळचे उदाहरण. तिचा प्राण असलेली कचंपुळी, म्हणजे तेथील आंबट फळाचा रस आटवून केलेला काळा दाट अर्क, मांस शिजत आल्यावर घातली जाते. आंबटपणा हा मांस मऊ करण्यासाठी नसून जिभेसाठी आहे, हे कोडवांच्या चुलीला पक्के ठाऊक आहे.

आंबटपणाने मांस मऊ होते, ही समजूत म्हणूनच स्वतंत्रपणे तपासावी लागते. आम्लता मोजण्याचे जे माप मराठी विज्ञानलेखनात ‘सामू’ म्हणून ओळखले जाते, त्यात सातच्या खाली जावे तसा पदार्थ अधिक आम्ल ठरतो; डुकराच्या ताज्या मांसाचा सामू साधारण साडेपाच ते पावणेसहाच्या आसपास असतो आणि तो पाचाच्या किंचित वर घसरला, की मांसातील प्रथिनांची पाणी धरण्याची ताकद सर्वांत कमी होते. थोडा शिरका किंवा दही लावल्यास वरचा थर नेमका याच पट्ट्यात ढकलला जाण्याचा धोका असतो, आणि शिरका फार झाला तर तोच थर पिठूळ, भुसभुशीत होतो. दोन्ही वेळा गाभा होता तसाच राहतो. कच्च्या पपईचे तंत्र याहून जोरकस आहे खरे. तिच्यातील पपेन हे विकर, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारे जैविक रसायन, स्नायूंचे तंतू खरोखर तोडते. पण तेही पृष्ठभागावरच काम करते आणि त्याचा सर्वाधिक जोर शीतकपाटात नव्हे, तर मांस ५० ते ७० अंश सेल्सियसपर्यंत तापत असताना असतो. त्यामुळे कबाबाच्या पातळ तुकड्याला जे वरदान ठरते, ते जाड तुकड्याला वरून लगदा आणि आतून चिवटपणा असे विचित्र रूप देते. मुरवणाच्या नावाखाली भांडे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय तर निव्वळ घातक आहे, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि वाटणातला शिरका त्यांना आवर घालण्याइतका पुरेसा असेलच असे नाही.

तव्यावर परतून रस कोंडण्याच्या कल्पनेला एक थोर जन्मदाता आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांसाच्या रसायनावरील ग्रंथात असे मत मांडले, की तीव्र उष्णतेने पृष्ठभागावर कवच तयार होते आणि ते आतला रस बाहेर जाऊ देत नाही. मत तर्काला पटणारे होते, लीबिग यांचे नाव मोठे होते, आणि युरोपातल्या आचाऱ्यांनी ते उचलून धरले. १९३० च्या दशकात मांसाचे वजन करून प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा परतलेल्या मांसातून न परतलेल्यापेक्षा कमी रस जात नाही, उलट काहीसा अधिकच जातो, असे दिसून आले. त्यासाठी तराजूचीही आवश्यकता नव्हती. तव्यावरच्या मांसातून सतत येणारा चर्र असा आवाज हा बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आवाज असतो, आणि कवच अभेद्य असते तर तो थांबला असता. परतण्याचे खरे कारण वेगळे आणि पुरेसे आहे. फ्रेंच वैज्ञानिक लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या अभिक्रियेत प्रथिनांचे घटक आणि शर्करा उष्णतेने एकत्र येऊन शेकडो नवी स्वादद्रव्ये तयार होतात. ‘खरपूस’ हा शब्द ज्यासाठी योजला जातो तो रंग आणि वास तिचाच. ही अभिक्रिया वेग घेते ती पृष्ठभाग साधारण १४० अंशांवर गेला की, आणि जोवर तेथे पाणी आहे तोवर तो शंभराच्या पुढे फारसा जात नाही. शिवाय आम्लामुळे ती मंदावते. म्हणजे शिरक्याने थबथबलेला तुकडा खरपूस होण्याच्या वाटेत दुहेरी अडसर असतो आणि पाणी आटेपर्यंत वाटणातला लसूण मात्र करपून कडू होतो.

उरते ती भीती, आणि तिच्याशी थट्टेने वागून चालणार नाही. लंडनमध्ये १८३५ साली जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनात स्नायूंमध्ये सूक्ष्म कृमी दिसले आणि रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. हाच तो ट्रिकिनेला, ज्याच्या धास्तीने पाश्चात्त्य पाकपुस्तकांनी डुकराचे मांस दीर्घकाळ गरजेपेक्षा जास्त शिजवले. भारतात अधिक चिंता आहे ती टेनिया सोलियम या फीतकृमीची, आणि त्याच्याबद्दलचा गैरसमज फार खोल आहे. मांसातील साबुदाण्यासारख्या पुटिका अर्धकच्च्या पोटात गेल्या, तर आतड्यात फीतकृमी वाढतो; मेंदूत गाठी होऊन झटके येण्याचा जो आजार सर्वांना घाबरवतो, तो मात्र मांसातल्या पुटिकांनी नव्हे, तर फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीपाल्यावर वा हातांवर आलेल्या अंड्यांनी होतो, आणि म्हणूनच आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसांनाही होतो. त्यावरचा उपाय शौचालय, स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात हा आहे. भाजणीची दोन तास वाढवलेली वेळ नव्हे. मांसापुरते बोलायचे तर ट्रिकिनेला आणि पुटिका हे दोन्ही ७१ अंशांच्या आधीच मरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणून त्यापुढे ३ मिनिटांची विश्रांती सांगितली. उघड्यावर चरणाऱ्या डुकरांचे मांस जेथे विकले जाते, तेथे ही सवलत घ्यावी असे येथे सुचवायचे नाही, जुनी ७१ अंशांची मर्यादा राखणेच शहाणपणाचे. पण ती मर्यादा अंशांत मोजायची असते, रंगावरून किंवा घड्याळावरून नव्हे, आणि त्यासाठी मांसात टोचायचा साधा थर्मामीटर लागतो. कुकरमध्ये आधी चार शिट्ट्या काढून मग ‘भाजणे’ हा या भीतीचाच एक आविष्कार आहे. कुकरमधले तापमान १२० अंशांच्या घरात जाते, तेथे चरबी नसलेले मांस पाण्यात बुडूनसुद्धा कोरडे पडते, कारण कोरडेपणा पाण्याच्या अभावाने येत नाही, आवळलेल्या तंतूंतून पाणी पिळून निघाल्याने येतो.

सुरक्षितता आणि रसाळपणा यांतला हा झगडा मिटवण्याची जागा ओव्हनमध्ये नसून मांसाच्या दुकानात आहे, आणि नेमके याच बाबतीत प्रचलित कृती मौन पाळतात. पाठीचे मांस दिसायला देखणे, सारख्या आकाराचे आणि चरबीविरहित असल्याने घरोघरी तेच आणले जाते. परंतु त्यात संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना एकत्र बांधणारे पांढरे धागे, फारच थोडे असतात आणि साधारण ६६ अंशांपुढे ॲक्टिन हे दुसरे प्रथिन आवळू लागले, की पिळून गेलेल्या पाण्याची भरपाई करायला तेथे काहीच नसते. खांद्याचे मांस याच्या उलट वागते. त्यातल्या धाग्यांत कोलॅजेन असते, ते दीर्घकाळच्या उष्णतेने विरघळून जिलेटिन होते, आणि पाणी गमावलेल्या तंतूंनाही हे जिलेटिन आणि मधल्या पदरांतली चरबी मिळून ओलसर ठेवतात. गाभा ९० अंशांवर गेल्याशिवाय खांदा मऊच पडत नाही, तेव्हा कृमींचा प्रश्न तेथे आपोआप निकालात निघतो. मांसाला इतका मान देणाऱ्या गोव्या-वसईच्या घरांत चरबीचा थर असलेला, कातडीसकट तुकडा मागून घेतला जातो, तो उगाच नाही.

दोन किलोंच्या अशा खांद्याला सव्वा टक्का म्हणजे २५ ग्रॅम मीठ तराजूवर मोजून सर्व बाजूंनी लावावे, कातडी असल्यास ती पुसून कोरडी करावी, आणि तुकडा शीतकपाटात न झाकता, इतर अन्नापासून वेगळा, सर्वांत खालच्या फळीवर दोन दिवस ठेवावा. या काळात मीठ आत सरकते आणि पृष्ठभाग वाळतो, म्हणजे मुरवण आणि खरपूसपणाची पूर्वतयारी ही दोन्ही कामे एकाच विश्रांतीत होतात. मग १५० अंशांवर साडेतीन-चार तास, थर्मामीटर नव्वदी दाखवेपर्यंत, आणि अखेरीस वीसएक मिनिटे ओव्हनच्या सर्वोच्च आचेवर कातडी फुलेपर्यंत. घरगुती लहान ओव्हनमध्ये वरची कांब तुकड्याच्या फार जवळ येते, म्हणून हा शेवटचा टप्पा वगळता वरून ॲल्युमिनियमच्या पन्नीचा आडोसा द्यावा लागतो.

मसाला या साऱ्यातून हद्दपार होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. जिभेला घासाचा पहिला स्पर्श पृष्ठभागाचाच होतो, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात कातडी सोडून बाकीच्या बाजूंना लावलेले गोव्याच्या रेशाद मसाल्याचे वाटण न करपता आपला पूर्ण प्रभाव दाखवते. ट्रेमध्ये उतरलेल्या चरबीत लसूण, मिरची आणि जिरे परतून त्यात शिरका घातला, तर आंबट-तिखट असे जे कालवण होते ते कापलेल्या प्रत्येक कापाला चहूबाजूंनी लागते. आणि उरलेला भाजका खांदा दुसऱ्या दिवशी बोटभर तुकड्यांत कापून विंदालूच्या मसाल्यात एक उकळी काढून ठेवला, तर तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो, या शब्दाच्या लोणच्याइतक्या अस्सल अर्थाने, मुरलेला असतो.